आधी पाणी, मग पक्षी
वसईच्या पाणथळ जागांवर नवशिक्या पक्षिनिरीक्षकाने काय पाहावे?

पावसाळा सरून पहाटेच्या हवेत गारवा जाणवू लागला की वसईतील तरुण मंडळींकडून आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो : 'रोहित पक्षी पाहायला कोठे जावे?' ठाण्याच्या खाडीत उतरलेल्या गुलाबी थव्यांची छायाचित्रे तोवर वृत्तपत्रांतून झळकलेली असतात. प्रश्नात वावगे काहीच नाही. त्या खाडीचा काही भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली तिला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जाही मिळाला. प्रत्येकाने एकदा तरी ते दृश्य डोळे भरून पाहावे. मात्र पक्षिनिरीक्षणाचा श्रीगणेशा तेथून करू नये, असे आमचे मत आहे. हजारो पक्ष्यांचा थवा पाहून मनुष्य थक्क होतो. पण थक्क होणे वेगळे आणि पाहावयास शिकणे वेगळे. पाहावयास शिकायचे तर घरामागच्या वाडीतील पाण्यापासून आरंभ करावा.

आम्ही स्वतः या छंदाकडे उशिराच वळलो. पन्नाशी ओलांडल्यावर दुर्बीण हाती घेतली आणि पहिले वर्षभर एकच चूक करीत राहिलो. पक्षी दिसला की पुस्तक उघडायचे, पाने उलटायची, आणि योग्य चित्र सापडेपर्यंत पक्षी उडून गेलेला असायचा. तपकिरी रंगाचे सगळेच पक्षी आम्हाला सारखे दिसत. अखेरीस एका अनुभवी स्नेह्याने आम्हाला अडवून सांगितले, "तुम्ही पक्ष्याकडे आधी पाहता. आधी पाण्याकडे पाहा. ते गोडे आहे की खारे, घोट्याएवढे आहे की पुरुषभर, काठाला गवत आहे की चिखल, हे पाहा. तेथे कोण असू शकेल हे पाणीच तुम्हाला सांगेल. मग पुस्तकातील पाचशे पानांऐवजी पाच पाने उघडावी लागतील."

त्या एका वाक्याने आमचे पुढचे शिक्षण सुकर झाले. या लेखात तेच सूत्र धरून वसईच्या परिसरातील चार-पाच प्रकारच्या जागांची ओळख करून देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

वसईला निसर्गाने या बाबतीत मुक्तहस्ते दिले आहे. दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणेचे मुख, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वरचे डोंगर. या सीमांच्या आत गोड्या पाण्याची बावखले आहेत, तळी आहेत, भातखाचरे आहेत, मिठागरे आहेत, तिवरांची दाटी आहे, खाजणे आहेत आणि वाळूचे किनारेही आहेत. एका सकाळी सायकलवरून फिरून यातील तीन-चार ठिकाणे सहज पाहता येतात.

साहित्य थोडे, सवय मोठी

आरंभी फार खर्च करण्याचे कारण नाही. एक दुर्बीण, एक वही आणि एक पेन्सिल पुरेशी आहे. दुर्बिणीवर ८×४२ असे आकडे असतात. यातील पहिला आकडा वस्तू किती पट जवळ दिसेल ते सांगतो, तर दुसरा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये दर्शवितो. आठ पटींची दुर्बीण नवशिक्यास सर्वांत सोयीची. दहा-बारा पटींच्या दुर्बिणीत हाताचा कंपही तितकाच वाढतो आणि पक्षी नजरेच्या चौकटीत सापडत नाही. पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून न काढता दुर्बीण डोळ्यांशी आणावी. खाली पाहून दुर्बीण उचलली की पक्षी हरवलाच म्हणून समजावे.

पुस्तकांची उणीव नाही. डॉ. सलीम अली यांचे भारतीय पक्ष्यांवरील इंग्रजी पुस्तक १९४१ साली प्रथम प्रसिद्ध झाले आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे मार्गदर्शक ठरले. मराठी नावांसाठी मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षिकोश' हाताशी असावा. चितमपल्ली २०२५ साली निवर्तले. परंतु रानातील माणसांच्या तोंडची नावे त्यांनी जपून ठेवल्यामुळे आज आपल्याला पक्ष्यांशी मराठीत बोलता येते. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि डॉ. सलीम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन दिवसांमधील आठवडा २०२० पासून महाराष्ट्रात 'पक्षी सप्ताह' म्हणून साजरा होतो. नवशिक्यास आरंभासाठी याहून चांगला मुहूर्त नाही, कारण तोवर उत्तरेकडचे बहुतेक पाहुणे येऊन पोहोचलेले असतात.

बावखल : वाडीतील पहिली शाळा

वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगावयास हवे की, बावखल म्हणजे वाडीत खोदलेले लहानसे तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, हळूहळू जमिनीत मुरते आणि भोवतालच्या विहिरींना गोडे ठेवते. समुद्र इतक्या जवळ असूनही वसईच्या वाड्यांतून केळी, पानवेल आणि फुलझाडे पिढ्यान्‌पिढ्या फुलली, त्यामागे या मुरलेल्या पाण्याचा मोठा वाटा आहे. काठावर झाडांची गर्दी असते, पाण्यावर सावली असते आणि तळाशी गाळ, बेडूक व लहान मासे असतात.

अशा ठिकाणी भल्या सकाळी जावे आणि अर्धा तास न हलता बसावे. पहिली दहा मिनिटे काहीच दिसणार नाही. मग ज्याला आपण काठावरचा मातकट दगड समजत होतो, तो मान लांबवितो. हा वंचक, त्याला ढोकरी असेही म्हणतात. बसलेला असताना मातीच्या रंगाचा, पण उडाला की पंख शुभ्र पांढरे. पाहणाऱ्याची फसगत करणाऱ्या या पक्ष्याला आपल्या लोकांनी 'वंचक' म्हटले, यातच त्यांचे निरीक्षण दिसून येते. गवतातून शेपटीचा तांबूस भाग झटके देत हलवीत, गर्द राखाडी पाठीची व पांढऱ्या छातीची पाणकोंबडी डोकावते आणि चाहूल लागताच दिसेनाशी होते. पावसाळ्यात तिचा घोगरा 'क्वाक् क्वाक्' आवाज रात्रीही ऐकू येतो.

पाण्यावर झुकलेल्या फांदीकडे विशेष लक्ष द्यावे. तेथे खंड्या असतो. तपकिरी डोके, पांढरी छाती, झळाळती निळी पाठ आणि मोठी लाल चोच, असा खंड्या पाण्यापासून दूर, विजेच्या तारेवरही दिसतो. कारण माशांखेरीज नाकतोडे, सरडे आणि खेकडेही त्याला चालतात. चिमणीहून थोडासाच मोठा, निळ्या पाठीचा व नारिंगी पोटाचा छोटा खंड्या मात्र पाण्यापाशीच राहतो. सूर मारण्यापूर्वी त्याला मासा दिसावा लागतो, म्हणून पाणी जितके नितळ, तितका तो टिकून राहण्याचा संभव अधिक. एकाच कुळातील हे दोन पक्षी. पण एकाच्या उपस्थितीने पाण्याविषयी फारसे काही कळत नाही, तर दुसऱ्याच्या उपस्थितीने बरेच काही कळते. 'आधी पाणी, मग पक्षी' या सूत्राची ही पहिली प्रचीती.

तळे आणि भातखाचर : पाण्याच्या खोलीचा धडा

बावखलातून मोठ्या तळ्यावर आलो की पाणी खोल होते आणि पक्षीही बदलतात. मधोमध, खोल पाण्यात, टिबुकली दिसते. बदकाच्या पिलाएवढी ही पाणडुबी क्षणात बुडते आणि भलतीकडेच वर येते. कमळाच्या वा इतर पाणवनस्पतींच्या पानांवरून कमळपक्षी चालत जातो. त्याच्या पायांची बोटे विलक्षण लांब असल्याने शरीराचा भार पसरतो आणि पान बुडत नाही. या पक्ष्यांमध्ये अंडी उबविण्याचे आणि पिले सांभाळण्याचे काम नर करतो, हे सांगितल्यावर शाळकरी मुलांच्या चेहऱ्यावर उमटणारे आश्चर्य आम्ही अनेकदा पाहिले आहे. बुडालेल्या खांबावर पंख पसरून बसलेला काळा पक्षी म्हणजे पाणकावळा. सूर मारून झाल्यावर तो आपले भिजलेले पंख वाळवितो.

तळ्यावर जलपर्णीचा गालिचा पसरला असेल तर तो पाहून 'किती हिरवेगार!' असे म्हणू नये. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील. ती पाणी झाकून टाकते, खाली प्रकाश पोहोचू देत नाही, आणि सूर मारणाऱ्या पक्ष्यांना पाणी असून नसल्यासारखे होते.

भातखाचरात व तळ्याच्या कडेला बगळे असतात. नवशिक्या सगळ्यांना एकाच नावाने हाक मारतो. येथे थोडे थांबून पायांकडे व चोचीकडे पाहावे. काळी चोच, काळे पाय आणि पायांची बोटे मात्र पिवळी, तो लहान बगळा. आखूड मान, पिवळी चोच आणि गुरांच्या पायांमागे चालणारा, तो गायबगळा. विणीच्या दिवसांत त्याच्या डोक्यावर व मानेवर केशरी छटा चढते. सर्वांत उंच, मानेला ठळक बाक असलेला आणि जिवणीची रेघ डोळ्याच्याही मागे गेलेली, तो मोठा बगळा. या दोहोंच्या मधल्या अंगलोटाचा, तो मध्यम बगळा. चार बगळे अचूक ओळखता आले की पक्षिनिरीक्षणाची पहिली इयत्ता पार पडली असे समजण्यास हरकत नाही.

पावसाळ्यात खाचराकाठच्या ताडावर वा बाभळीवर सुगरणीची घरटी लोंबत असतात. नाव स्त्रीलिंगी असले तरी विणकाम नराचे. तो अर्धे घरटे विणतो, मादी येऊन ते पारखते आणि पसंत पडल्यास मुक्काम करते. मग नर दुसरे घरटे विणावयास घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. हा सारा क्रम डॉ. सलीम अली यांनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीम येथे, घराजवळच्या घरट्यांकडे दिवसेंदिवस पाहत उलगडला. त्या वेळी त्यांच्या हाती नोकरी नव्हती. जगभर ज्यांचे नाव झाले, त्यांच्या कार्यातील एक महत्त्वाचा शोध घराजवळच्या वसाहतीकडे चिकाटीने पाहण्यातून लागला, हे नवशिक्याने ध्यानी ठेवावे.

मिठागर : चोचींची आणि पायांची शाळा

नायगाव, वसई आणि खाडीपलीकडील भाईंदर येथील मिठागरे आगगाडीच्या खिडकीतून आपण सर्वांनी पाहिली आहेत. परंतु गाडीतून उतरून त्यांच्याकडे किती जण गेले असतील? मिठागराची रचना समजून घेतली की तेथील पक्ष्यांचे कोडे उलगडते. उधाणाच्या भरतीचे पाणी आधी मोठ्या, खोलगट वाफ्यात घेतात. तेथून ते क्रमाक्रमाने उथळ वाफ्यांत सोडतात. प्रत्येक टप्प्यावर ऊन पाणी शोषून घेते व खारेपणा वाढत जातो, आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरते. अर्थात एकाच आवारात गुडघाभर, वीतभर, बोटभर आणि कोरडे, अशा अनेक खोल्या व खारेपणाचे अनेक अंश उपलब्ध होतात.

पक्षी या पायऱ्यांवर आपापल्या अंगलोटीप्रमाणे उभे राहतात. लांबसडक गुलाबी पायांचा शेकाट्या पोटापर्यंत पाण्यात शिरतो. तुतवार बोटभर पाण्याच्या कडेने, शेपटी सतत वरखाली हलवीत, चिखल टिपत जातो. चिखल्या पाण्यात सहसा जात नाही. ओलसर मातीवर चार पावले धावतो, थबकतो, टिपतो आणि पुन्हा धावतो. त्याची चोच आखूड व डोळे मोठे, कारण तो भक्ष्य पाहून टिपतो. लांब चोचीचे पक्षी चिखलात चोच खुपसून चाचपून शोधतात. त्यांच्या चोचीच्या टोकालाच स्पर्शाची जाण असते. एकाच वाफ्यात दहा जातींचे पक्षी एकमेकांशी न भांडता कसे चरतात, याचे उत्तर येथे मिळते : प्रत्येकाची पंगत वेगळ्या खोलीवर मांडलेली असते.

हे तुतवार आणि चिखल्या दिसावयास क्षुल्लक, मूठभर वजनाचे. त्यांतील बरेचसे मध्य आशिया व सायबेरियाकडील प्रदेशांत वीण आटोपून, हिमालयाची भिंत ओलांडून वा तिला वळसा घालून आपल्याकडे येतात. पक्ष्यांच्या या वाटेला 'मध्य आशियाई उड्डाणमार्ग' असे म्हणतात. काही तर ऑगस्टमध्येच, आपल्याकडे पाऊस कोसळत असतानाच दाखल होतात आणि एप्रिलअखेरपर्यंत राहतात. परतीच्या प्रवासासाठी लागणारी चरबी त्यांना याच चिखलातून मिळवावी लागते.

मिठागराचे बांध निसरडे असतात आणि ते कोणाच्या तरी कष्टाचे फळ असतात. तेथे काम करणाऱ्यांची परवानगी घेऊनच आत जावे आणि बांध तुडवू नयेत. या कामकऱ्यांशी दोन शब्द बोलावे. कोणता पक्षी कधी येतो हे त्यांना नावाने सांगता आले नाही, तरी दिवसाने सांगता येते.

किनारा : घड्याळाऐवजी तिथी

भुईगाव, कळंब, अर्नाळा या किनाऱ्यांवर पक्षी पाहावयाचे तर घड्याळाहून भरती-ओहोटीचे वेळापत्रक महत्त्वाचे. आपल्या कोळी बांधवांचा एक जुना हिशेब येथे उपयोगी पडतो : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ निघते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. त्याच्या सुमारे सहा तास आधी व नंतर ओहोटी. घराघरांत टांगलेल्या दिनदर्शिकेवर तिथी पाहिली की काम झाले.

पौर्णिमा वा अमावास्येनंतरच्या दोन-तीन दिवसांत पूर्ण ओहोटी सकाळी सातच्या आसपास येते. त्या वेळी चिखल दूरवर उघडा पडलेला असतो आणि पक्षी ठिपक्यांएवढे दिसतात. नवशिक्या निराश होऊन परततो. परतू नये. किनाऱ्यावर एका जागी बसून राहावे. नऊनंतर चढते पाणी पक्ष्यांना आपल्या दिशेने ढकलीत आणते. भरती पुरी झाली आणि चिखल बुडाला की हेच पक्षी उडून मिठागराच्या बांधांवर विसाव्याला जातात. म्हणजे किनारा व मिठागर ही आपल्याला दोन ठिकाणे वाटली, तरी पक्ष्यांच्या दृष्टीने ते एकच घर आहे. एक स्वयंपाकघर आणि दुसरी झोपण्याची खोली. एक गेली तर दुसरीचाही उपयोग उरत नाही.

येथे कुरव दिसतील. हिवाळ्यात अनेक कुरवांच्या डोक्यावरील गडद टोपी नाहीशी होऊन डोळ्यामागे केवळ एक ठिपका उरतो. मार्चमध्ये परतण्यापूर्वी टोपी पुन्हा चढू लागते. खडकांवर निळसर करड्या रंगाचा, गळ्याशी पांढरा असलेला समुद्रबगळा एकटाच उभा असतो. चिखलात पाय फसण्याचा धोका असल्याने एकट्याने आत जाऊ नये, आणि बसलेल्या थव्याच्या दिशेने मुलांना वा कुत्र्यांना धावू देऊ नये. प्रत्येक अनावश्यक उड्डाणात त्यांची प्रवासाची शिदोरी खर्च होते.

उद्यान : कानाने पाहण्याची जागा

ज्यांना किनारा वा मिठागर दूर पडते, त्यांनी जवळच्या उद्यानात जावे. येथे दृष्टीपेक्षा कान अधिक कामी येतात. 'टुक्-टुक्-टुक्' असा तांबटाचा ठोका, दयाळची पहाटेची शीळ, शिंप्याचा अंगाच्या मानाने केवढातरी मोठा आवाज आणि चैत्र-वैशाखातील कोकीळ, एवढे चार आवाज ओळखता आले की उद्यान बोलू लागते.

येथेही सूत्र तेच, फक्त पाण्याच्या जागी झाड. वड, पिंपळ व उंबर यांना फळे धरली की तांबट, बुलबुल आणि हळद्या तेथे येणारच. ताडाची झाडे असतील तर त्यांच्याभोवती ताडपाकोळ्या घिरट्या घालतील. वसईच्या किल्ल्याचा परिसर यासाठी फार चांगला. पण केवळ कापलेली हिरवळ, शोभेची विदेशी झुडपे आणि फरशी घातलेल्या वाटा असतील, तर कावळे, पारवे व साळुंक्या यांपलीकडे वही फारशी भरत नाही. झाडाखालचा पालापाचोळा रोज झाडून जाळला की त्यातील किडे जातात आणि किड्यांवर जगणारा दयाळही जातो. उद्यान पक्ष्यांसाठी घडवता येते, याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. मुंबईत धारावीलगत, मिठी नदीच्या काठी जेथे एके काळी शहराचा कचरा टाकला जात असे, तेथे झाडे लावून महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभे राहिले आणि १९९४ साली ते लोकांसाठी खुले झाले. कचऱ्याचे रान होऊ शकते. दुर्दैवाने आपल्याकडे उलट प्रवासच अधिक दिसतो.

वहीतील एक पान

या उलट प्रवासाविषयी लिहिणे आम्हाला भाग आहे. आमच्या वहीत शेजारच्या वाडीतील एका बावखलाची पाने आहेत. जूनपासून दर आठवड्याची नोंद : पाणी किती पायऱ्या चढले, काठावर कोण होते. वंचक दोन, पाणकोंबडी व तिची काळी पिले चार, छोटा खंड्या एक, सप्टेंबरअखेर धोबी पक्ष्याचे आगमन. एका उन्हाळ्यात तेथे बांधकामाचा राडारोडा येऊन पडू लागला. कोणाला विचारावे, कोणी उत्तर द्यावे, हे ठरेपर्यंत जमीन सपाट झालेली होती. पुढच्या पावसाळ्यात पाणी त्या ठिकाणी आले, पण त्याला उतरावयास खळगाच नव्हता. ते शेजारच्या अंगणांतून फिरले. त्या आठवड्याच्या नोंदीत दोनच शब्द आहेत : कावळा, पारवा.

जुलै २०१८ मध्ये वसई-विरार कित्येक दिवस पाण्याखाली होते, रेल्वे थांबली होती, घरांतून वीज नव्हती, हे आपण विसरलेलो नाही. पुराची कारणे अनेक असतात आणि एका बावखलाने पूर थांबत नाही. परंतु जेथे पूर्वी पाणी साठत होते त्या जागा बुजवीत गेलो, तर ते पाणी कोठे जाणार, हा प्रश्न विचारण्यासाठी तज्ज्ञ असावे लागत नाही.

कायदा या जागांचे रक्षण करणार नाही का? येथे वस्तुस्थिती नीट समजून घ्यावी. इराणमधील रामसर येथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी झालेल्या करारात पाणथळ जागेची व्याख्या उदार आहे. नैसर्गिक असो वा मानवनिर्मित, कायमची असो वा तात्पुरती, गोडी असो वा खारी, सर्व तिच्यात येतात. भारत १९८२ पासून त्या कराराचा सदस्य आहे. परंतु आपल्या देशातील २०१७ च्या पाणथळ जागा नियमांच्या व्याख्येतून भातखाचरे, तसेच पिण्याचे पाणी, मत्स्यशेती, मीठ, मनोरंजन व सिंचन यांसाठी माणसाने खास बांधलेल्या जागा वगळल्या आहेत. म्हणजे शेकाट्याला जे मिठागर पाणथळ वाटते, ते या व्याख्येला तसे वाटत नाही. बागेला पाणी देण्यासाठी खोदलेल्या बावखलालाही या नियमांचा आधार सहजासहजी मिळेल असे नाही. शिवाय २०११ च्या राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रहात २.२५ हेक्टरांहून मोठ्या जागांच्याच सीमा आखल्या गेल्या. त्याहून लहान जागा केवळ ठिपका म्हणून दाखविल्या गेल्या. २.२५ हेक्टर म्हणजे सुमारे २२२ गुंठे. आपले बावखल काही गुंठ्यांचे. नकाशावर तो ठिपका, आणि सातबाऱ्याच्या भाषेत बहुधा पडीक.

अशा वेळी जी जागा नकाशात नीट दिसत नाही, ती निदान कोणाच्या तरी वहीत दिसली पाहिजे. नवशिक्याची वही हा केवळ छंद नाही, तो पुरावा आहे. यात अतिशयोक्ती नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेला भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीचा अहवाल तीस हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांनी पाठविलेल्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा आहे. त्यातून ९४२ जातींचा आढावा घेतला गेला आणि १७८ जातींच्या संवर्धनाला सर्वोच्च प्राधान्य द्यावे असे ठरले. नोंदी पाठविणाऱ्यांत शास्त्रज्ञ होते, तसेच शिक्षक, विद्यार्थी आणि गृहिणीही होत्या. आपली वही आज भ्रमणध्वनीवरून 'ई-बर्ड' या जागतिक नोंदवहीत विनामूल्य घालता येते.

नोंद साधी असावी : तारीख, वेळ, तिथी, पाणी किती, पक्षी कोणता, संख्या किती, तो काय करीत होता. ओळख पटली नाही तर तसेच लिहावे. चुकीच्या नावापेक्षा 'ओळखता आला नाही' ही नोंद प्रामाणिक. आणि जो पक्षी नेहमी दिसतो पण आज दिसला नाही, त्याचीही नोंद करावी. पक्ष्याला जवळ बोलाविण्यासाठी त्याचा आवाज वाजवू नये आणि घरट्याचे छायाचित्र काढण्यासाठी फांद्या दूर सारू नयेत. पाहणारा निघून गेल्यावर कावळा ती मोकळी जागा नेमकी हेरतो.

वाचकहो, एवढ्या विवेचनानंतर आमची विनंती लहानशीच आहे. आपल्या घरापासून पायी जाता येईल असे एक पाणी निवडा. बावखल असो, तळे असो, खाचर असो वा मिठागराचा कोपरा असो. वर्षभर, आठवड्यातून एकदा, अर्धा तास तेथे बसा आणि दिसेल ते लिहा. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना सोबत न्या आणि त्यांच्या बालपणी तेथे काय दिसत असे ते विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. रोहित पक्षी पाहावयास अवश्य जा. पण परत आल्यावर आपल्या बावखलावरील वंचक अजून जागेवर आहे ना, हे पाहावयास विसरू नका.

आमच्या वहीतील ते 'कावळा, पारवा' असे लिहिलेले पान आम्ही फाडलेले नाही. त्याच्या पुढच्या पानावर दुसऱ्या एका बावखलाचे नाव आहे. गेल्या रविवारी तेथे छोटा खंड्या होता.